लांडोरीची पाच अंडी

जाळीच्या आत दोन लांडोरी जमिनीवरचे दाणे टिपत होत्या. मोर त्यांच्यापासून दहा पावलांवर उभा. गुरुजी जाळीशी आले तसा तो सरळ त्यांच्याकडे चालत आला, समोर थांबला आणि त्यानं पिसारा उभा केला. पिसांची सळसळ, अंगाची थरथर, एका जागी संथपणे गोल फिरणं, सगळं जसं व्हायचं तसं झालं. फक्त लांडोरींकडे त्याची पाठ होती. तो नाचत होता तो पासष्टीच्या एका माणसासमोर.

"बरोबरच्या कर्मचाऱ्याला वाटलं, पाखरानं ओळखलं म्हणून मला बरं वाटेल," गुरुजी सांगतात. "माझ्यानं तिथं उभं राहवलं नाही."

हा मोर गुरुजींनी अंड्यापासून वाढवलेला. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले हे शिक्षक शिरूर तालुक्यातल्या एका गावात शेती करतात. नाव छापू नका, बाकी सगळं छापा, असं त्यांनी बजावलं. आपल्या हातून जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या हातून होऊ नये, म्हणून गेली काही वर्षं ते पावसाळ्याच्या तोंडाला आसपासच्या वस्त्यांवर जातात आणि हीच हकिकत सांगतात. मोराची चिंचोली याच तालुक्यातली. चिंचेच्या जुन्या झाडांवर मोरांचा रातथारा असणं, पहाटे त्यांच्या केकेनं जाग येणं, हे या भागात कुणाला नवलाचं नाही. त्यामुळे बांधावर लांडोरीची अंडी सापडणंही नवलाचं नाही. नांगरट, खुरपणी, ऊसतोड अशा वेळी ती सापडतात आणि सापडली की कुणीतरी म्हणतंच, "खुडूक कोंबडीखाली घाला की!"

गुरुजींनाही तेच सांगितलं गेलं.

रवणावरची कोंबडी

सात वर्षांपूर्वीचा जुलै. बाजरीच्या रानाकडेचा बांध साफ करताना घाणेरीच्या जाळीखाली पाच अंडी दिसली. मळकट पांढरी, कोंबडीच्या अंड्यापेक्षा मोठी, जाड कवचाची. लांडोर घरटं असं बांधत नाहीच. झुडपाखाली जमिनीत उथळ खळगा, त्यात थोडा पालापाचोळा, झालं. ट्रॅक्टरच्या आवाजानं ती उठून गेली होती. अंडी हाताला गार लागली. गुरुजींना वाटलं, आई सोडून गेली.

ही त्यांची पहिली चूक, आणि पुढच्या साऱ्या चुका तिच्यातून निघाल्या. लांडोर सगळी अंडी एकाच दिवशी देत नाही. एकेक करून पुरी होईपर्यंत ती नीट उबवायला बसत नाही, त्यामुळे त्या दिवसांत अंडी गार असणं साहजिकच. उबवणं एकट्या तिचं काम, मोर त्यात कुठंच नसतो. म्हणून पोटासाठी ती रोज थोडा वेळ उठतेच. गार अंडी आणि रिकामं घरटं पाहून लांडोर कायमची गेली, असं कुणीही ठरवू नये.

घरी एक कोंबडी खुडूक होतीच. तिला त्याच दिवशी रवणावर बसवायचं होतं. तिच्या सात अंड्यांत ही पाच मिसळली. हिशेब कुणी केला नाही. कोंबडीचं अंडं 21 दिवसांत फुटतं, लांडोरीचं साधारण 28 दिवसांत. एकविसाव्या दिवशी कोंबडीची पिल्लं निघाली. दुसऱ्या दिवशी ती त्यांना घेऊन डालग्याबाहेर पडली आणि उरलेल्या पाच अंड्यांकडे तिनं वळूनही पाहिलं नाही. तिच्या लेखी काम संपलं होतं.

मग लाकडी खोकं, त्यात 60 वॅटचा बल्ब, ओलाव्यासाठी भिजवलेलं फडकं आणि दिवसातून चार-पाच वेळा हातानं अंडी फिरवणं. सहा दिवस घरातल्या प्रत्येकानं पाळी लावली. दोन अंडी फुटलीच नाहीत. तीन पिल्लं बाहेर आली. कोंबडीपुढे ठेवली तर तिनं टोचून बाजूला केली. तिची पिल्लं तोवर आठवड्याची झाली होती, ही तिला परकीच.

दाण्यांशेजारी उपाशी

मोराचं पिल्लू आंधळं, उघडं असं जन्मत नाही. लव असते, पंखांची पिसं आलेली असतात, काही तासांत ते पायांवर उभं राहतं. काही दिवसांत पंख फडफडवत थोडं उडतं आणि दोनेक आठवड्यांत आईमागोमाग फांदीवर पोचून रात्री तिच्या पंखाखाली बसतं. एवढी तयारी पाहून कुणालाही वाटेल, याला आता दाणापाणी आणि ऊब दिली की पुरे.

गुरुजींनी दोन्ही दिलं. बशीत तांदळाची कणी, शेजारी कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य, उथळ भांड्यात पाणी. पिल्लं बशीवरून चालत जात होती, कणीवर पाय देत होती आणि खात मात्र नव्हती. पहिले दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण पिल्लू जन्मताना पोटात थोडा बलक घेऊन येतं आणि त्यावर ते दोन-तीन दिवस तगतं. चौथ्या दिवशी सकाळी एक मेलेलं आढळलं. हातात घेतलं तर वजनच नव्हतं.

यामागचं कारण गुरुजींना पुष्कळ उशिरा कळलं. कोंबडी दाणा दिसला की कुटकुट करते, तो जमिनीवरच दाखवते आणि पिल्लू जमिनीवरून टिपतं. लांडोर किडा किंवा दाणा चोचीत धरते आणि तिचं पिल्लू तो तिच्या चोचीतून घेतं. पहिल्या दिवसांत त्याच्यासाठी अन्न म्हणजे डोळ्यांसमोर हलणारं, चोचीच्या टोकाशी असलेलं काहीतरी. बशीतली निश्चल कणी हे अन्न आहे, हे त्याला सांगणारं तिथं कुणी नव्हतं.

सूनबाईंनी मार्ग काढला तो नकळत. उकडलेल्या अंड्याचा बलक बोटाच्या टोकाला घेऊन त्यांनी पिल्लासमोर धरला आणि पिल्लानं झटक्यात टिपला. घरभर आनंद झाला. मग वाळवी, मुंग्यांची अंडी, बारीक नाकतोडे, सगळं बोटावरून. उरलेली दोन्ही पिल्लं जगली.

"आम्हाला वाटलं, जिंकलो," गुरुजी म्हणतात. "पण त्या बोटानंच आमचा घात केला. पिल्लाला वाटलं, हीच आईची चोच."

व्हिएन्नाचा पांढरा मोर

पिल्लू अंड्यातून बाहेर आल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांत जे हलतं, बोलतं, ऊब देतं, त्याची छाप त्याच्या मनावर उमटते. ऑस्ट्रियाचे कॉनराड लॉरेन्झ यांनी 1935 मध्ये या छापेबद्दल सविस्तर लिहिलं. राखी हंसांची पिल्लं त्यांना आई मानून त्यांच्या मागं चालत. प्राण्यांच्या वर्तनावरच्या कामासाठी लॉरेन्झ, निको टिनबर्गन आणि कार्ल फॉन फ्रिश या तिघांना 1973 चं नोबेल पारितोषिक मिळालं.

लॉरेन्झ यांनी एका मोराची गोष्ट लिहून ठेवली आहे. व्हिएन्नाच्या शोनब्रुन प्राणिसंग्रहालयात पांढऱ्या मोराची पिल्लं थंडीनं दगावली आणि एकच उरलं. ते जगावं म्हणून रखवालदारानं त्याला संग्रहालयातल्या सगळ्यांत उबदार खोलीत ठेवलं. ती खोली महाकाय कासवांची होती. पिल्लू जगलं, देखणा मोर झालं आणि पुढं जन्मभर कासवांपुढे पिसारा फुलवत राहिलं. लांडोरींकडे त्यानं ढुंकून पाहिलं नाही.

रखवालदाराचा हेतू चांगलाच होता. ऊब खरी होती, पिल्लू वाचलंही होतं. पिसारा कसा फुलवायचा हे मोराला कुणी शिकवत नाही, ते रक्तातच असतं. तो कुणासमोर फुलवायचा हे मात्र बालपणी ठरतं, आणि एकदा ठरलं की बदलणं फार अवघड. गुरुजींनी ही गोष्ट वाचली तेव्हा त्यांचा मोर जाळीआड जाऊन दोन वर्षं झाली होती.

पिवळी हगवण

उरलेल्या दोघांतलं एक सातव्या आठवड्यात गेलं. अंगणात कोंबड्या मोकळ्या फिरत, त्यांच्यातच ही दोघंही वावरत. एक दिवस त्यातलं एक पंख खाली सोडून कोपऱ्यात उभं राहिलं. खाणं बंद, डोळे अर्धे मिटलेले, विष्ठा गंधकासारखी पिवळी. तीन दिवसांत संपलं. तालुक्याच्या पशुवैद्यकांनी उघडून पाहिलं. यकृतावर गोल, मधोमध खोलगट डाग होते आणि आंधळी आतडी सुजून घट्ट झाली होती. त्यांनी निदान केलं ब्लॅकहेडचं.

टर्की आणि मोर पाळणाऱ्यांच्या जगात या रोगाची धास्ती असते. हिस्टोमोनास नावाचा एकपेशीय जीव तो घडवतो. कोंबडीच्या आंधळ्या आतड्यात एक बारीक जंत राहतो. त्याच्या अंड्यांमध्ये बसून हा जीव विष्ठेवाटे मातीत येतो. जंताची अंडी मातीत वर्षानुवर्षं टिकतात. गांडुळांच्या पोटातही ती साठतात आणि पावसाळ्यात गांडूळ टिपणाऱ्या पिल्लाला ती आयतीच मिळतात. गंमत अशी की कोंबडीला स्वतःला बहुधा काही होत नाही. ती ठणठणीत दिसते आणि रोग वाहत राहते.

म्हणजे ज्या अंगणाला गुरुजी सुरक्षित समजत होते, तिथली मातीच पिल्लाला घातक होती. रानात लांडोर पिल्लं घेऊन रोज नव्या जागी चरते, विष्ठा साचलेल्या एकाच जागेवर महिनोन्महिने राहत नाही.

राजा

तिसरं पिल्लू वाढलं. नातवानं त्याचं नाव राजा ठेवलं. राजा त्याच्यामागं शाळेच्या फाटकापर्यंत जाई, घरच्या कुत्र्याशेजारी उन्हात बसे, स्वयंपाकघरात येऊन शेंगदाणे मागे. माणसं फोटो काढायला येत. गुरुजींना अभिमान वाटे, हे ते लपवत नाहीत.

पहिली शंका आली ती पहिल्या हिवाळ्यात. पहाटे बांधावर रानमोरांचा थवा उतरला होता. कुठूनतरी मुंगूस आलं आणि एका लांडोरीनं इशारा दिला. क्षणात थवा झाडांवर. राजा मात्र तिथंच उभा, मान वाकडी करून मुंगसाकडे पाहत. त्या हाकेचा अर्थ त्याला कुणी कधी सांगितलेला नव्हता. संध्याकाळी तो चिंचेवर जात नसे, ओट्याच्या कठड्यावर बसे. गल्लीतली भटकी कुत्री त्याला घरच्या कुत्र्यासारखीच वाटत.

गुरुजींचे मेहुणे वनखात्यातून निवृत्त झालेले. दिवाळीला आले, राजाला पाहिलं आणि चहा घेता घेता म्हणाले, "दाजी, हे तुम्ही काय केलंत?" मग त्यांनी कायदा सांगितला. मोर 1963 पासून आपला राष्ट्रीय पक्षी आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात तो पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. या कायद्यानुसार रानपक्ष्याची अंडी उचलणं हीसुद्धा शिकारच. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी शिक्षा किमान तीन आणि जास्तीत जास्त सात वर्षांची कैद, वर किमान 25,000 रुपये दंड. उचलणाऱ्याच्या मनात माया होती की लोभ, हे पाहून कायदा वेगळा होत नाही.

"शाळेत मुलांना तीस वर्षं राष्ट्रीय पक्षी शिकवला," गुरुजी म्हणतात. "अंडं उचलणं गुन्हा आहे, हे मला ठाऊक नव्हतं."

राजा 14 महिन्यांचा असताना गुरुजींनी स्वतः वनखात्याला कळवलं आणि त्याला त्यांच्या स्वाधीन केलं. त्या दिवशी नातू जेवला नाही. राजाला रानात सोडता येईल का, हे वनखात्याच्या डॉक्टरांनी बघितलं आणि नाही असं ठरवलं. जो पक्षी माणूस दिसला की धावत येतो आणि कुत्र्याला भीत नाही, तो रानात चार दिवसही टिकला नसता. साडेतीन वर्षांनी खास परवानगी घेऊन गुरुजी त्याला भेटायला गेले. तेव्हाचं दृश्य सुरुवातीला आलंच आहे.

जगानं मोजलेली किंमत

गुरुजींच्या अंगणात जे झालं ते मोठ्या प्रमाणावर जगात इतरत्रही झालं आहे. मोर, रानकोंबडा, हिमालयातला मोनाल, ब्रिटनच्या शेतांतला फेझंट, ही सगळी एकाच कुळातली मंडळी. ब्रिटनमध्ये शिकारीच्या हंगामासाठी दरवर्षी कोट्यवधी फेझंट पिल्लं उबवणी यंत्रातून काढून, शेडमध्ये वाढवून, सहा-आठ आठवड्यांची झाली की रानात सोडतात. त्यांना आई माहीतच नसते. सोडल्यावर त्यांतली फार मोठी संख्या कोल्ह्यांच्या तोंडी जाते.

एक्सेटर विद्यापीठातल्या संशोधकांनी या पिल्लांच्या बालपणात लहानसे बदल करून पाहिले. काही पिल्लांच्या शेडमध्ये त्यांनी अगदी पहिल्या दिवसांपासून बसायला उंच दांड्या लावल्या. मोठी झाल्यावर ही पिल्लं रात्री जमिनीऐवजी झाडावर बसू लागली, त्यांचे पाय अधिक बळकट निघाले, जागा लक्षात ठेवण्यातही ती सरस ठरली आणि रानात त्यांतली कमी मेली. दुसऱ्या प्रयोगात तयार खाद्यासोबत थोड्या जिवंत अळ्या, बिया आणि फळं दिली. ही पिल्लं रानात गेल्यावर अन्न चटकन शोधू आणि हाताळू शकली. त्यांचा चरण्यात कमी वेळ गेला आणि तीही जास्त जगली. बालपणीच्या सात आठवड्यांत मिळालेली एक दांडी आणि चार अळ्या पुढच्या आयुष्याचा निकाल फिरवू शकतात, असा या प्रयोगांचा अर्थ.

आपल्याकडे हिमाचल प्रदेशातल्या सराहनमध्ये पश्चिमी ट्रॅगोपान या दुर्मीळ पक्ष्यासाठी केंद्र आहे. स्थानिक लोक त्याला जुजुराणा, पक्ष्यांचा राजा, म्हणतात. तो हिमाचलचा राज्यपक्षी. बंदिवासात त्याचं प्रजनन 2005 मध्ये यशस्वी झालं. तिथं वाढलेले पक्षी रानात सोडण्याचा पहिला प्रयत्न झाला 2020 मध्ये. मधली 15 वर्षं तज्ज्ञ, डॉक्टर, पिंजरे, जंगलाची पाहणी या सगळ्यात गेली. पाकिस्तानातल्या मारगल्ला टेकड्यांवर चीर फेझंट परत आणण्यासाठी ब्रिटनमधून अंडी नेऊन पिल्लं वाढवली, सोडली. तिथं ती रुजली नाहीत.

पगारी तज्ज्ञांना इतकं जड जाणारं काम, ओट्यावरच्या खोक्यात आणि बल्बच्या उजेडात कसं व्हावं?

अंडी दिसली तर

गुरुजी वस्त्यांवर जे सांगतात ते अगदी साधं आहे. बांधावर, उसात, सोयाबीनमध्ये लांडोरीचं घरटं दिसलं की पहिल्यांदा मागं फिरायचं. चार काठ्या रोवून भोवतालचा दोन-तीन मीटरचा तुकडा तसाच ठेवायचा, तिथं नांगर, कोयता, फवारणी काहीच न्यायचं नाही. एवढ्या तुकड्यातून जाणारं पीक किती, हे ज्याचं त्यानं मोजून पाहावं. महिन्याभराचाच प्रश्न असतो. घरच्या कुत्र्याला बांधायचं. गावभर सांगत सुटायचं नाही आणि फोटोसाठी जवळ जायचं नाही, कारण माणसांच्या पायवाटेमागून कुत्रं आणि मुंगूस येतं. बीजप्रक्रिया केलेलं, औषध चोळलेलं बी बांधावर सांडू द्यायचं नाही. मोर ते टिपतात आणि मरतात.

अंडी उचललीच असतील तर तासाभराच्या आत त्याच खळग्यात, जशी होती तशी ठेवून लांब जावं. माणसाचा वास लागला की आई अंडी टाकते ही समजूत चुकीची. लांडोरीला भीती वाटते ती हालचालीची, वर्दळीची.

एकटं पिल्लू दिसलं तर ते अनाथ आहे असं धरून चालू नये. आईनं इशारा दिला की पिल्लं गवतात दबून निपचित बसतात आणि आई थोड्या अंतरावर वाट पाहत असते. आपण उभे आहोत तोवर ती येणार नाही. दूर जाऊन तासभर तरी आडोशातून पाहावं. पिल्लू चारीत किंवा खड्ड्यात अडकलं असेल तर काढून जवळच्या झुडपाखाली ठेवावं आणि निघावं. आई मेलेली डोळ्यांनी पाहिली असेल, किंवा पिल्लू जखमी असेल, तरच पुढची पायरी. भोकं पाडलेलं खोकं, आत सुकं सुती कापड, अंधार, ऊब आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन. दूध, पाव, भात काहीही भरवायचं नाही. चोच उघडून पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जातं. मांडीवर घेऊन कुरवाळायचं नाही, मुलांना तर अजिबात हातात द्यायचं नाही. इथं मन घट्ट करावं लागतं, आणि ते किती अवघड आहे हे गुरुजींइतकं कुणाला ठाऊक असणार?

टर्की, गिनी फाउल पाळणाऱ्यांसाठी

रानपक्षी पाळायचे नाहीत, पण कायद्यानं पाळता येणारे त्यांचे भाऊबंद अनेक शेतकरी पाळतात. टर्की आणि गिनी फाउलची पिल्लं घेणाऱ्या तरुणांना गुरुजी आपल्या खोक्याचे धडे देतात, कारण पिल्लांचा स्वभाव बराचसा तोच.

पहिल्या आठवड्यात ब्रूडरखाली, म्हणजे ऊब देणाऱ्या दिव्याखाली, साधारण 35 अंश सेल्सिअस ऊब हवी. मग दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी ती उतरवत न्यायची. तापमापी असावी, पण खरी खूण पिल्लंच देतात. बल्बखाली एकमेकांवर चढून गर्दी करत असतील तर गारठलीत. चोच उघडून लांब कडेला बसली तर उकडतंय. सगळीकडे सैल पांगून चरत असतील तर ठीक. एकाच बाजूला गोळा झाली तर दुसरीकडून वारा लागतोय. खोक्याला कोपरे नकोत, गोल कडं, म्हणजे चिक गार्ड, लावावं, नाहीतर रात्री कोपऱ्यात दाटी होऊन खालची पिल्लं गुदमरतात.

तळाला गुळगुळीत वर्तमानपत्र घालू नये. त्यावर पाय घसरून फाकतात आणि पुढं पिल्लू कायमचं अधू होतं. पहिले काही दिवस तुसावर खरबरीत गोणपाट अंथरावं. पाण्याच्या भांड्यात गोटे टाकावेत, म्हणजे पिल्लं बुडणार नाहीत. पहिल्या दिवशी प्रत्येक पिल्लाची चोच हलकेच पाण्याला लावून दाखवावी. खाद्यावर उकडलेल्या अंड्याचा चुरा भुरभुरावा, त्यात बोटानं टकटक करावी. खायला शिकलेलं एखादं पिल्लू सोबत असलं तर बाकीची त्याचं पाहून लवकर खातात. चार दिवस संध्याकाळी वजन करावं. जे घटतंय ते उपाशी आहे, मग समोर ढीगभर खाद्य का असेना.

कणीवर पिल्लू वाढत नाही. रानात या कुळातली पिल्लं पहिले दोन आठवडे मुख्यतः किड्यांवर जगतात, म्हणजे प्रथिनांवर. टर्कीच्या पिल्लाला सुरुवातीला सुमारे 28 टक्के प्रथिनांचं खाद्य लागतं. बाजारात मिळणाऱ्या ब्रॉयलर प्री-स्टार्टरमध्ये ती 22-23 टक्क्यांच्या आसपास असतात, तेव्हा जोड द्यावीच लागते. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य पिल्लांना कधी घालू नये. त्यातला चुना त्यांच्या मूत्रपिंडांना झेपत नाही.

आणि कोंबड्यांपासून वेगळं ठेवणं. शेड वेगळं, भांडी वेगळी, शक्य तर चपलाही वेगळ्या. आदल्या वर्षी कोंबड्या फिरलेल्या जागेवर टर्कीची पिल्लं सोडू नयेत. कोंबड्यांना वेळच्या वेळी जंताचं औषध द्यावं. पिवळी विष्ठा दिसली की घरगुती उपायात दिवस घालवू नयेत, त्याच दिवशी पशुवैद्यकाला दाखवावं.

या पावसाळ्यात

यंदा आषाढात गुरुजींच्या सोयाबीनमध्ये पुन्हा घरटं निघालं. जुन्या बांधापासून फार तर शंभर पावलांवर. कोळपणीला आलेला गडी हाक मारत आला, "गुरुजी, अंडी! खुडूक आहे का घरी?" गुरुजींनी आधी बैल थांबवले, मग चार काठ्या रोवल्या.

नातू आता आठवीत आहे. रोज सकाळी तो विहिरीच्या कठड्यावर बसून लांबून पाहायचा आणि वहीत नोंद करायचा. लांडोर आहे, लांडोर उठली, अर्ध्या तासानं परत आली. मातीच्या रंगाची ती पाठ गवतात इतकी मिसळून जाई की कित्येकदा अर्धा तास शोधूनच ती सापडे. दोन दिवस मुसळधार पाऊस झाला. घरात कुणालाच चैन नव्हतं, पण छत्री घेऊन जायला गुरुजींनी सगळ्यांना मनाई केली. पाऊस उघडला तेव्हा ती तिथंच होती, चिंब.

विसाव्या दिवसानंतर वहीतल्या नोंदी वाढल्या. एका सकाळी पोरगं विहिरीवरून धावत आलं आणि गुरुजींना ओढत घेऊन गेलं. सोयाबीनच्या दोन तासांमधून लांडोर चालली होती. मागं गवत हलत होतं, पिल्लं दिसत नव्हती. बांधाशी मोकळ्या जागेवर ती आली तेव्हा पिल्लं दिसली, चार. पावसानंतर फुटलेल्या वाळवीच्या वारुळाशी ती थांबली, तिनं एक पंखवाला किडा उचलला आणि चोचीत तसाच धरून मान खाली वाकवली. एका पिल्लानं तो टिपला. मग दुसरा किडा, दुसरं पिल्लू.

नातवानं वहीत चार लिहिलं. "आबा, जवळ जाऊ या?" त्यानं विचारलं. गुरुजींनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं तिथंच कठड्यावर बसून राहिले, ती पाचही जणं घाणेरीच्या जाळीपलीकडे दिसेनाशी होईपर्यंत.